सोन माई, रेशीम आणि तैलरंग एकाच रांगेत: परीक्षण कसं करावं? (हो ची मिन्ह सिटी)

निनाद_पी

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त हो ची मिन्ह सिटीत असतो. इथल्या एका छोट्या गॅलरीबरोबर आम्ही काही जण आजच्या व्हिएतनामी चित्रकारांचं प्रदर्शन भरवतोय. चाळीसेक चित्रं येतील, बक्षिसं तीन. परीक्षकांत दोन इथले ज्येष्ठ चित्रकार आहेत आणि बाहेरची नजर हवी म्हणून तिसरा मी.

तैलरंग, रेशमावरची चित्रं आणि सोन माई म्हणजे इथली रोगणाची चित्रं, असं सगळं एकत्रच आलंय. सगळ्यांचं परीक्षण एकत्र करायचं की माध्यमवार बक्षिसं द्यायची, हेही ठरत नाहीये. गॅलरीवाले म्हणतात, पहिली चाळणी फोटोंवरून लावू, ने-आणीचा खर्च वाचेल. प्रायोजकांचा आग्रह आहे की बक्षीसपात्र चित्रात ‘व्हिएतनाम दिसला पाहिजे’. शिवाय परवानगीचं नक्की काय असतं? कुणी इथे असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

सुहास_सायगाव

परवानगीचं आधी उरका. शहराच्या संस्कृती व क्रीडा विभागाचा परवाना लागतो. चित्र-शिल्प प्रदर्शनांसाठी २०१३ चा ११३ क्रमांकाचा शासकीय आदेश आहे, त्यात नंतर बदलही झालेत, तेव्हा अर्जाचा आजचा नमुना खिडकीवरच मागून घ्या. यादीत प्रत्येक चित्राचं शीर्षक, चित्रकार, माध्यम, आकार, वर्ष आणि सोबत फोटो द्या. नग्नचित्रं किंवा राजकीय विषय असतील तर एखादं चित्र वगळायला सांगू शकतात. परवाना हातात पडल्याशिवाय निमंत्रणपत्रिका छापायला टाकू नका.

अनुराधा_हनोई

निनाद, फोटोवरून चाळणी लावू नका. खर्च कमी करायला दुसरे मार्ग आहेत. लागलं तर चित्रं कमी मागवा, पण जी मागवाल ती समोर उभी करून बघा. मी मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून बाहेर पडले आणि हनोईत एका चित्रकाराकडे सोन माई शिकले, आजही तेच करते, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

हे रोगण म्हणजे झाडाचा चीक, इथे त्याला सोन ता म्हणतात. उत्तरेकडच्या फू थो भागात या झाडांची लागवड आहे. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं झाड, त्यामुळे नवीन माणसाला तो बिब्ब्यासारखाच उततो: तोंड सुजतं, हातांवर फोड येतात. वाळायला त्याला दमट हवा लागते. लाकडी फळीवर कापड चिकटवून चीक-मातीचे थर देतात, मग काळा, हिंगुळी लाल, तपकिरी, मध्येच अंड्याच्या कवचाचे तुकडे, चांदीचा किंवा सोन्याचा वर्ख. त्यावर पुन्हा चीक. तो वाळला की पाणी घालून घासायचं. घासताना खालचे थर उघडे पडतात आणि चित्र वर येतं. कुठे थांबायचं हे हाताला कळावं लागतं, एक फेर जास्त झाला की वर्ख गेला. मोठ्या चित्राला महिनोन्‌महिने लागतात.

फोटोत यातलं काय उरतं? बहुतेक वेळा एक सपाट तपकिरी चौकोन.

म्हणून सांगते, सोन माई खिडकीच्या उजेडात उभं करा आणि स्वतः डावीकडून उजवीकडे सावकाश चाला. चांदीचा वर्ख एका कोनातून पेटतो, दोन पावलं पुढे गेलात की विझतो. तो विझल्यावरही रचना उभी राहते का ते बघा. नुसत्या चमकेवर तरलेलं चित्र तिथेच ढासळतं. मग फळीची कड बघा, तळाचं काम कसं आहे ते तिथे कळतं. आणि चित्रकाराला सरळ विचारा: सोन ता वापरलाय की सोन न्यात? हे दुसरं म्हणजे ‘जपानी रोगण’ नावाने विकला जाणारा कारखानी रंग. लवकर वाळतो, स्वस्त पडतो, भेटवस्तूंच्या दुकानात सगळीकडे तोच. त्यात चांगलं चित्र होऊ शकतं, त्यामुळे बाद करू नका, पण पाटीवर तसं लिहा.

माध्यमवार बक्षिसं मला पटत नाहीत. प्रत्येक चित्रासमोर एकच प्रश्न विचारा: हेच दुसऱ्या माध्यमात केलं असतं तर काय हरवलं असतं? काहीच हरवत नसेल तर ते माझ्या यादीत खाली जातं. तुमच्याच शहरातल्या बुई तिएन तुआन यांच्या रेशमावरच्या बायका बघा. विषय आजच्या शहरी मुलींचा, पण तो ओलसर, आत मुरलेला रंग कॅनव्हासवर येणारच नाही. फी फी ओआन्ह यांनी तर रोगणाची चित्रं भिंतीवरून उतरवून ‘स्पेक्युला’ या कलाकृतीत त्यांचा बोगदा केला, माणूस चित्राच्या आत चालतो.

प्रायोजकांना एवढंच सांगा की जी ‘परंपरा’ ते मागताहेत ती त्या काळी नवा प्रयोग होती. फ्रेंच चित्रकार व्हिक्टर तार्दिये आणि इथले चित्रकार नाम सोन यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये हनोईत कलाशाळा सुरू झाली. तोवर रोगण होतं ते देवळातल्या मूर्तींवर, पाट्यांवर, पेट्यांवर. १९३० च्या दशकात चित्रकार न्गुयेन जिया त्री आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचं चित्र केलं. हनोईच्या जुन्या गल्ल्यांच्या चित्रांचंही तसंच. चित्रकार बुई सुआन फाई स्वतः त्या गल्ल्यांत राहून रंगवत होते, आणि हयातीत त्यांचं एकच एकल प्रदर्शन झालं, १९८४ मध्ये. १९८६ च्या ‘डोई मोई’ म्हणजे आर्थिक सुधारणांच्या धोरणानंतर पर्यटक आले, गॅलऱ्या निघाल्या, आणि त्याच गल्ल्या, शंकूच्या टोप्या, कमळं यांचा रतीब सुरू झाला. आज स्वतःचं काही शोधणाऱ्या पोराला मागे ठेवून त्या रतिबाला बक्षीस दिलंत तर मला फार वाईट वाटेल.

निनाद_पी

अनुराधाताई, मनापासून आभार. फोटोचाळणी रद्द करायला गॅलरी तयार झालीय, चित्रांची संख्या तिसावर आणतोय. आणखी एक विचारतो. एक संग्राहक दोन जुन्या नामवंतांची चित्रं प्रवेशाशी लावायला देतो म्हणतात. गर्दी खेचेल. घ्यावीत का?

सुहास_सायगाव

कागदपत्रं पक्की नसतील तर अजिबात नको. २०१६ मध्ये याच शहरातल्या ललित कला संग्रहालयात युरोपातून परत आलेली म्हणून १७ चित्रं लागली होती. चित्रकार ता ती यांच्या नावावरचं एक चित्र बघून चित्रकार थान्ह चुओंग म्हणाले, हे तर माझं. तपासाअंती एकही चित्र लावलेल्या नावाचं निघालं नाही आणि संग्रहालयाला जाहीर माफी मागावी लागली. तुमच्या तीस जणांच्या मेहनतीवर असलं सावट कशाला?

अनुराधा_हनोई

सुहासशी पूर्ण सहमत. त्या दोन जागा तरुणांना द्या.

मांडणीबद्दल थोडं. रोगणाच्या चित्रावर समोरून झोत मारलात तर बघणाऱ्याला दिव्याचंच प्रतिबिंब दिसेल, उजेड बाजूने आणि तिरका घ्या. रेशीम आणि हातकागदावरची चित्रं मंद उजेडात, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास. एसीचा झोत फळ्यांवर येऊ देऊ नका, हवा फार कोरडी झाली की फळी वाकते, तडा जातो.

आणि सफाई करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी बजावा की रोगणाच्या चित्राला साबण, ओलं फडकं काहीही लावायचं नाही. न्गुयेन जिया त्रींचं वसंतबागेचं भलं मोठं चित्र, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं, सफाईत भांडी घासायचा साबण आणि पॉलिश कागद वापरल्याने खराब झालं. २०१९ मध्ये ते उघडकीला आलं. अनेक वर्षं खपून केलेलं काम होतं ते. तुमच्याकडे धूळ बसली तर मऊ, कोरडा ब्रश, तोही चित्रकाराला विचारून. परीक्षणाचा दिवस ठरला की कळवा. शक्यतो सकाळची वेळ घ्या, आणि फळ्या जड असतात, उचलायला दोन माणसं जास्तीची ठेवा.