एलएलबीनंतर काय: बेळगावचं कोर्ट, न्यायाधीश परीक्षा की सरकारी कामकाज?

मलप्रभाकाठ

खानापूर तालुका. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कन्नड तिसरी भाषा, पुढे बी.ए. आता बेळगावात तीन वर्षांच्या एलएलबीचं शेवटचं वर्ष. वय 24. डोक्यात तीन वाटा आहेत: जिल्हा कोर्टात वकिली, सिव्हिल जज परीक्षा, किंवा कंपन्या-संस्थांसाठी सरकारी खात्यांशी संबंधित काम, म्हणजे धोरण, परवाने, विधिमंडळ. कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो, लिहिताना अडते. घरचे म्हणतात मुलीनं सरळ नोकरी बघावी. कुठली वाट आधी धरली तर बाकीच्या दोन बंद होणार नाहीत? जाणकारांनी नेमकं सांगावं.

वकील_टिळकवाडी

ताई, प्रश्न बरोबर विचारलात. इथे सगळं क्रमावर ठरतं, आणि माझ्या मते तुमच्यासाठी क्रम असा: सनद (म्हणजे बार कौन्सिलकडे वकील म्हणून नोंदणी), मग तीन वर्षं खालच्या कोर्टात, त्यानंतर बाकीचं.

कारण नियमातच आहे. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सिव्हिल जज (कनिष्ठ स्तर) या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, अखिल भारतीय बार परीक्षा पास झाल्यापासून नव्हे. म्हणून शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की नोंदणीला उशीर करू नका. दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर तिथल्या न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: केस नंबर, कोर्ट, तारीख, त्या दिवशी काय केलं. वकालतनाम्यावर तुमचं नाव आणि सही असलेल्या केसेस वेगळ्या लिहा. तीन वर्षांनी दाखला मागायला जाल तेव्हा हाताशी काहीतरी लेखी हवं.

नोंदणी फी सर्वसाधारण गटाला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. त्यावर फक्त मुद्रांक शुल्क. 30 जुलै 2024 च्या निकालानंतर बार कौन्सिलला याहून जास्त घेता येत नाही. बार परीक्षेला 100 बहुपर्यायी प्रश्न असतात. टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात, पण पुस्तक आहे म्हणून सैल राहू नका. कलम कुठल्या प्रकरणात आहे ते हाताला माहीत नसेल तर पानं उलटण्यातच वेळ जातो. फौजदारीचे नवे तीन कायदे 1 जुलै 2024 पासून लागू आहेत, तेव्हा जुनी पुस्तकं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आता कन्नड. यात सूट नाही, आणि याचाच तुम्हाला पुढे फायदा होणार आहे. कर्नाटकच्या सिव्हिल जज मुख्य परीक्षेत भाषांतराचा स्वतंत्र 100 गुणांचा पेपर असतो: जबानी, निकाल, दस्तऐवज इंग्रजीतून कन्नडमध्ये आणि उलट. मराठी माध्यमाच्या मुली कायद्याच्या पेपरात तरतात आणि इथे अडकतात, कारण बोलीतलं कन्नड येतं पण कोर्टातलं लिखित कन्नड वेगळं पडतं. सराव असा करा. ई-कोर्ट्सच्या साइटवरून बेळगाव जिल्ह्यातल्या कोर्टांचे कन्नड निकाल उतरवून घ्या. रोज एक पान हाताने कागदावर इंग्रजीत करा, दुसऱ्या दिवशी आपल्याच इंग्रजीवरून परत कन्नडमध्ये आणा आणि मूळ पानाशी ताडून बघा. राज्याचे कायदे कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत छापलेले मिळतात, तेही समोरासमोर ठेवून वाचा. टाइप करून सराव नको, हाताचा वेग हवा.

आणि इथल्या दिवाणी कामाकडे कमी दर्जाचं म्हणून बघू नका. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, फेरफार मराठीत, त्याआधीचे कितीतरी मोडीत. आजचा आर.टी.सी. उतारा (आपल्या सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा) मात्र कन्नड. वाटणीच्या एका दाव्यात हे सगळं एकाच फाइलमध्ये येतं. उतारा हातात आला की आधी रकाना 9 मध्ये मालकाचं नाव, 10 मध्ये हक्क कसा आला आणि फेरफार नंबर, 11 मध्ये बोजा, मग 12 मध्ये कसणारा कोण ते बघायचं. रकाना 10 चा नंबर घेऊन तहसील कचेरीतून त्या फेरफाराची नक्कल काढायची आणि मागे मागे जात मूळ मराठी कागदापर्यंत पोचायचं. मधली एक नोंद जरी सुटली तरी उलटतपासणीत विरुद्ध बाजू तिथेच बोट ठेवते. हे काम नीट करणारी माणसं फार थोडी उरली आहेत. मोडी शिकलात तर फारच बरं.

लेकींच्या वाट्याच्या केसेस भरपूर येतात. हिंदू वारसा कायद्यातली कर्नाटकाची 1994 ची दुरुस्ती, केंद्राची 2005 ची, आणि लेकींचा जन्मतः वाटा मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा विनीता शर्मा निकाल, हे तिन्ही तोंडपाठ हवेत. वाटणी 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदवलेली आहे का, हा पहिला प्रश्न, कारण तशी वाटणी 2005 च्या दुरुस्तीने मोडत नाही. तोंडी वाटणी होती असं भाऊ म्हणतात, तेव्हा पुरावा कुठला मागायचा ते ठाऊक असलं पाहिजे.

नियमावली_निपाणी

वरच्या दादांशी बहुतेक सहमत, पण सरकारी कामकाजाची वाट म्हणजे फक्त दिल्ली-बंगळूर नव्हे, एवढं जोडतो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, उद्यमबागेत फाउंड्री आहेत, निपाणीला तंबाखू आहे. प्रत्येकाला प्रदूषण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन वेगळ्या संमती लागतात, कारखाना परवाना, कामगार खात्याचे विवरण, सगळं मुदतीत. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे उसाचं बिल 14 दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर वर्षाला 15 टक्के व्याज. आदेश वाचून त्यावर दोन पानांचं टिपण लिहिता येणारी, कन्नड पत्रव्यवहार सांभाळणारी मुलगी अशा ठिकाणी लागतेच.

टिपण लिहायची सवय आत्तापासून लावा. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा मांडलेलं एखादं विधेयक घ्या आणि तीन गोष्टी लिहा: कुठलं कलम बदलतंय, कुणावर परिणाम, अंमलबजावणी कुठल्या खात्याकडे. एका पानात बसलं पाहिजे. पाच-सहा अशी टिपणं म्हणजे मुलाखतीत दाखवायला नमुना.

फेलोशिप बघायच्या असतील तर वय जपा. खासदारांसोबत काम करण्याची लॅम्प फेलोशिप 25 वर्षांपर्यंतच आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ थोडा आहे. महाराष्ट्राची मुख्यमंत्री फेलोशिप 21 ते 26 वयासाठी, मराठी उत्तम हवं. धोरण नीट शिकायचं तर बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याची घाई नाही.

सर्वांत महत्त्वाचं: पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. नोकरीचा तो काळ वकिलीच्या तीन वर्षांत धरत नाहीत. सनद चालू ठेवून गुपचूप पगार घेणं हे गैरवर्तन आहे, पुढे न्यायाधीश निवडीत चौकशी होते तेव्हा हे वर येतं.

मलप्रभाकाठ

फार उपयोगी, दोघांचे आभार. दोन शंका. एक, महाराष्ट्राची न्यायाधीश परीक्षा मला देता येईल का? दोन, पहिली तीन वर्षं पैशाचं कसं करायचं? घरच्यांना हेच सांगावं लागणार.

चिकोडीची_वकील

महाराष्ट्राची देता येते गं. तिथे भाषेची अट मराठीची आहे. पण तुझ्या जातीचा कर्नाटकातला दाखला तिथे आरक्षणाला चालत नाही, खुल्या गटातून धर. महाराष्ट्र सरकारच्या इतर पदांसाठी सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांना वेगळी तरतूद आहे, 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो. आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघ.

पैशाचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 विद्यावेतन सुचवलंय, पण ती शिफारस आहे, बंधन नाही. म्हणून रुजू होण्याआधीच सीनिअरला स्पष्ट विचार: महिन्याला किती, वकालतनाम्यावर नाव कधीपासून, साक्षीदाराची सरतपासणी कधी करायला मिळणार. नुसत्या तारखा घ्यायला ठेवणारं ऑफिस असेल तर सहा महिन्यांत कळतं, तेव्हा बदल. कर्नाटक सरकारच्या खात्यांकडून मागासवर्गीय विधी पदवीधरांना प्रशिक्षण काळात विद्यावेतन मिळतं, जिल्हा कार्यालयात चौकशी कर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमतात. त्यातली सहायक पदं शून्य ते तीन वर्षं अनुभवाच्या वकिलांसाठीच असतात. ठरलेला मेहनताना, रोज फौजदारी कोर्ट. खासगी केस मात्र घेता येत नाही.

आणखी एक, सनदेवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेसारखंच ठेव. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, लग्नानंतर तिसरंच. सनद, बार परीक्षा, आधार तिन्हीकडे एकच नाव नसेल तर अर्ज छाननीत अडकतो आणि प्रतिज्ञापत्रं, राजपत्र यात महिने जातात. लग्न ठरलं तरी सनदेवरचं नाव बदलायची काही सक्ती नाही.

कन्नडसाठी धारवाडला क्लास लावायची गरज नाही. खानापूर कोर्टातल्या एखाद्या टंकलेखकाशेजारी आठवड्यातून दोन दुपारी बसून अर्ज, शपथपत्र, पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) कशी लिहितात ते बघ. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहेच. दोन्ही राज्यांत जमिनी असलेली कुटुंबं इकडे ढीगभर आहेत. कर्नाटकच्या सनदेवर देशात कुठेही उभं राहता येतं, फक्त त्या त्या उच्च न्यायालयाचे हजेरीचे नियम आधी वाच.

नोंदणीचा फॉर्म भरताना काही अडलं तर इथेच लिही, रकान्यानुसार सांगते.