जुना प्रोसेसर जिथे गप्प बसतो, तिथे एम्युलेटरने ओरडावं का?

फोंडेकर
परवा कोडमधल्या दुरुस्तीचा एक पॅच मी रिव्ह्यूत अडवला, त्यावरून टीममध्ये बरीच वादावादी झाली. तुमचं मत हवंय.

आमचा एम्युलेटर (सॉफ्टवेअरने बनवलेला नकली कॉम्प्युटर) गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या सिस्टीमला, निरनिराळी प्रोसेसर मॉडेलं दाखवतो. बग असा, की जुनं मॉडेल निवडलं, सीपीयूआयडीमध्ये (प्रोसेसर आपल्या क्षमता सांगतो ती यादी) एलझेडसीएनटी या शून्यं मोजणाऱ्या सूचनेचं बिट शून्य असलं, तरी आमचा डीकोडर (सूचना ओळखणारा भाग) ती सूचना खुशाल चालवत होता. पॅचने तपासणी घातली: बिट नसेल तर 'अवैध सूचना' म्हणून थांबायचं. बहुतेक नव्या सूचनांच्या बाबतीत हेच बरोबर आहे. इथे नाही.

एलझेडसीएनटीला स्वतःचा ऑपकोडच (सूचनेचा संकेतांक) नाही. जुनी बीएसआर सूचना आणि तिच्या पुढे एफ३ हा प्रीफिक्स (आधी जोडलेला बाइट), एवढंच. ज्या प्रोसेसरला ती माहीत नाही (इंटेलमध्ये ती २०१३ साली हॅसवेलबरोबर आली), तो प्रीफिक्सकडे दुर्लक्ष करून सरळ बीएसआर चालवतो. एरर वगैरे काही येत नाही. ३२ बिटांत १६ हा आकडा द्या: एलझेडसीएनटी डावीकडची शून्यं मोजून २७ सांगते, बीएसआर सर्वांत वरच्या १ चं स्थान सांगते, उजवीकडून शून्यापासून मोजून, म्हणजे ४.

म्हापशाला भावाच्या दुकानात एक कोअर टू ड्युओवाला जुना कॉम्प्युटर अजून आहे, पावसाळाभर प्लास्टिकखाली झाकलेला. रविवारी तो बाहेर काढला. दोनदा लाइट गेली, तिसऱ्या खेपेला १६ ची शून्यं मोजणारा प्रोग्रॅम पुरा झाला. स्क्रीनवर आकडा: ४. पॅच लावलेल्या एम्युलेटरवर तोच प्रोग्रॅम कोसळला. म्हणजे एका बगच्या जागी दुसरा येऊन बसला.

साखळीकर
फोंडेकरबाब, मी पॅचवाल्याच्या बाजूने. जुनं मॉडेल लोक निवडतात कशाला? आपला प्रोग्रॅम जुन्या मशीनवर चालेल का ते बघायला. सत्तरी तालुक्यातल्या एका पतसंस्थेत आमचा प्रोग्रॅम चुकीचा कंपायलर पर्याय लावून, म्हणजे नव्या प्रोसेसरच्या सूचना वापरून, गेला होता. माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक. तिथल्या जुन्या मशीनवर खातं यादीत दिसायचं, पण शोधलं की सापडायचं नाही. आठ दिवस हेलपाटे घातले. एम्युलेटर कोसळला असता तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. गुपचूप चुकीचं उत्तर मिळण्यापेक्षा बोंब मारलेली बरी.

फोंडेकर
पण एम्युलेटरने तेव्हा ४ दिलं असतं, तर खातं तुमच्या टेबलावरच सापडलं नसतं! मला तेवढंच हवंय. पतसंस्थेत जे घडतं, तेच फोंड्यात बसून दिसावं.

वास्कोकर
मला दोघांचंही पटत नाही. केव्हीएमवर (गेस्टच्या सूचना खऱ्या प्रोसेसरवरच चालवणारी लिनक्सची सोय) सीपीयूआयडीतलं बिट झाकलं तरी ही सूचना थेट सिलिकॉनवर चालते. एव्हीएक्स हा सूचनासंच निदान एक्ससीआर० या कंट्रोल रजिस्टरमधून बंद ठेवता येतं, याला तसा खटकाच नाही. तिथे नव्या होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, जुन्या मॉडेललाही २७ च मिळणार. मग एम्युलेटरनेच वेगळं का वागायचं? पॅच नको, आहे तसंच राहू द्या. आज चालणारा गेस्ट अपडेटनंतर मोडला, तर उत्तर कोण देणार?

डिचोलीकर
एक गोष्ट विचारतो. याच पॅचमध्ये टीझेडसीएनटीलाही (उजवीकडची शून्यं मोजणारी सूचना) तीच तपासणी आहे का? असेल तर विषय संपला. जीसीसी कंपायलर साध्या बांधणीतसुद्धा बीएसएफच्या (सर्वांत खालच्या १ चं स्थान सांगणारी जुनी सूचना; प्रीफिक्स लागला की तीच टीझेडसीएनटी) पुढे मुद्दाम तो प्रीफिक्स लावतो. शून्य सोडून बाकी सगळ्या आकड्यांना दोन्ही सूचना सारखंच उत्तर देतात, आणि जुना प्रोसेसर प्रीफिक्स सोडून देतो, या भरवशावर. ते प्रोग्रॅम अगदी बरोबर आहेत, आणि जुन्या मॉडेलवर सगळे पडतील.

फोंडेकर
आहे! माझ्याही नजरेतून ते सुटलं होतं. डिचोलीकर, मनापासून आभार.

वास्कोकर, केव्हीएमला हार्डवेअर ती सूचना अडवू देत नाही, ही त्याची अडचण. आमच्याकडे एकेक सूचना हातातून जाते, मग जाणूनबुजून चुकीचं का चालवायचं? चालत्या गेस्टचं मात्र मान्य. क्यूईएमयू हा एम्युलेटर मशीन टाइपना (नकली मशीनच्या नमुन्यांना) आवृत्ती क्रमांक देतं ते याचसाठी: जुन्या क्रमांकाच्या मशीनला जुनंच वागणं. तशी सोय मी पॅचमध्ये मागतो.

साखळीकर
टीझेडसीएनटीचं पटलं. एलझेडसीएनटीबद्दल माझं मत तेच आहे. निदान लॉगमध्ये एक ओळ पडू दे, की या मॉडेलला ही सूचना नाही, बीएसआर चालवली. तेव्हा मला ती ओळ मिळाली असती तर आठ दिवस वाचले असते.

फोंडेकर
ती ओळ मी स्वतः लिहितो, चवथीच्या आधी. टेस्टमध्ये ०, १, १६ आणि फक्त सर्वांत वरचं बिट असलेला आकडा घेणार, जुन्या-नव्या दोन्ही मॉडेलांवर. शून्याला मात्र बीएसआरचं उत्तर तपासायचं नाही. इंटेलच्या मॅन्युअलमध्ये ते बरीच वर्षं अनिश्चित होतं, एएमडी निकालाचं रजिस्टर जसंच्या तसं ठेवतं. तिथे फक्त झीरो फ्लॅग (शून्य आल्याची खूण) बघायचा.