मदत हवी आहे: टोइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर कसे बसवायचे? फोनवर सांगितलेलं आणि बिलात आलेलं जुळत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चार गाड्या आहेत. दोन फ्लॅटबेड (बंद गाडी पाठीवर चढवून नेणाऱ्या), एक व्हील-लिफ्ट (दोन चाकं उचलून ओढणारी) आणि एक मोठी रिकव्हरीची. डिस्पॅच, म्हणजे फोन घेऊन गाडी पाठवणं, मी सांभाळते, रात्रपाळीला दुसरा एक जण असतो. इतकी वर्षं दर वहीत होते आणि उरलेले डोक्यात. दोन महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर घेतलं. कॉल टाकणं, ड्रायव्हर नेमणं, त्याच्या मोबाईलवर पत्ता जाणं हे पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडलं. घोडं अडलंय ते दरांपाशी.

गेल्या आठवड्यातला प्रसंग सांगते. रात्री एका बाईंची गाडी रस्त्याकडेच्या चरात उतरली. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "एकूण किती होतील?" मी सांगितलं की गाडी उचलण्याचा मूळ दर अमुक, त्यात पहिले १० किलोमीटर धरलेले आहेत, गॅरेज १८ किलोमीटरवर आहे म्हणजे वरचे ८ किलोमीटर वेगळे, आणि विंच (दोराने गाडी ओढून काढायचं यंत्र) लावावं लागलं तर त्याचे वेळेप्रमाणे. त्या हो म्हणाल्या.

काम झालं. ड्रायव्हरने गॅरेजच्या दारात मोबाईलवर बिल काढलं तर त्यावर ३७ किलोमीटर! सॉफ्टवेअरने यार्डापासून जागेपर्यंतचे ७, तिथून गॅरेजपर्यंतचे १८ आणि गॅरेजपासून यार्डापर्यंत परतीचे २२ असे ४७ धरले, त्यातून १० वजा केले. शिवाय बिलात विंचचा सव्वा तास धरला होता. प्रत्यक्षात दोर ओढायचं काम २५ मिनिटांत झालं होतं. मी फोनवरूनच बिल दुरुस्त करून दिलं, पण तोवर त्या बाई तिथे ताटकळत उभ्या होत्या. "तुम्ही आठ म्हणाला होतात," एवढंच त्या म्हणाल्या. रस्त्यात अडकलेल्या माणसाकडे चार ठिकाणी विचारायला वेळ नसतो, तो आपल्या शब्दावर विसंबतो. म्हणून हे मला मनाला लागलंय.

आत्ता मी दर असे भरलेत: 'टोइंग छोटी कार दिवस', 'टोइंग छोटी कार रात्र', 'टोइंग छोटी कार दिवस विमा खातं'... चार प्रकारची वाहनं, दिवस-रात्र आणि गिऱ्हाइकांची आठ खाती मिळून नुसत्या टोइंगच्याच ६४ ओळी झाल्या. यादी उघडली की रात्रपाळीवाला घाईत शेजारची ओळ निवडतो. त्यात आणखी एक घोळ आहे. एका रस्ता-मदत कंपनीच्या खात्यावर यार्डातल्या मुक्कामाचं भाडं आम्ही नेहमीच्याच दराने लावतो, पण त्यांच्या बिलात ते शून्य येतंय. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "सगळं तुम्हाला हवं तसं लावता येतं." ते खरंच आहे, पण कसं लावायचं ते कोणी सांगावं?

कोणी पहिल्यापासून नीट बसवलं असेल तर मार्गदर्शन करा. सगळं पुसून नव्याने भरायची माझी तयारी आहे.

प्रतिसाद १

ताई, ६४ ओळी हेच मूळ दुखणं आहे. सेवेच्या नावात फक्त 'काय काम केलं' एवढंच असावं: टोइंग, विंचने ओढून काढणं, जंप स्टार्ट, टायर बदलणं, लॉक उघडणं, इंधन पोचवणं, यार्डातला मुक्काम, थांबून राहण्याचा वेळ, आणि गाडी जागेवर सापडली नाही तर फुकट गेलेल्या फेरीचे पैसे. दहा-बारा ओळींत सगळं बसतं. वाहनाचा वर्ग त्या सेवेच्या आत भरायचा, म्हणजे 'टोइंग' निवडलं आणि कॉलमध्ये वाहन एसयूव्ही असलं की दर आपोआप लागतो. खात्याचं तर नावही सेवेच्या यादीत यायला नको.

खात्यांसाठी आधी एक मूळ दरपत्रक पक्कं करा, म्हणजे रस्त्यावरच्या रोखीच्या गिऱ्हाइकाचं. मग प्रत्येक खात्यात जाऊन जिथे करार वेगळा आहे तेवढाच आकडा भरा. बाकीच्या चौकटी रिकाम्या ठेवा. तुमचं मुक्कामाचं भाडं इथेच गेलंय. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये रिकामी चौकट म्हणजे 'मूळ दर घे' आणि ० म्हणजे 'फुकट'. दोन्ही दिसायला सारखीच निरुपद्रवी वाटतात. कोणीतरी चौकट मोकळी दिसू नये म्हणून तिथे शून्य टाकलेलं असणार. खातं उघडून बघा.

किलोमीटरचं म्हणाल तर प्रवासाचे तीन तुकडे असतात: यार्ड ते जागा हा रिकामा, जागा ते उतरवण्याचं ठिकाण हा भरलेला, आणि तिथून परत यार्ड हा पुन्हा रिकामा. यांच्या तीन स्वतंत्र ओळी करा. तुम्ही गिऱ्हाइकाला भरलेलं अंतर सांगता, तर १० किलोमीटरची सूट त्याच ओळीवर लावा आणि बाकीच्या दोन ओळी सरसकट कॉलमधून काढून टाका. लांबचा कॉल असेल तेव्हा रिकाम्या फेरीची ओळ डिस्पॅचरने हाताने जोडायची, आणि जोडली तर फोनवर तसं सांगायचं. आत्ता तुमचं सेटिंग 'यार्ड ते यार्ड' असणार, आणि एकूण बेरजेतून एकदाच सूट जातेय.

अंतर रस्त्याने मोजलं जातंय ना, तेही तपासा. सरळ रेषेत मोजलं तर ते नेहमी कमी भरतं आणि मग नुकसान तुमचं.

प्रतिसाद २

विंचबद्दल सांगतो, कारण मी आधी ड्रायव्हर होतो. तुमचा सव्वा तास बहुतेक 'जागेवर पोचलो' आणि 'गाडी चढवली' या दोन बटणांमधला आहे. ड्रायव्हर पोचल्यावर पहिलं बटण दाबतो. मग तो वाहतुकीला इशारा देणारे शंकू लावतो, गाडी कुठे अडकली ते वाकून बघतो, हूक कुठे घालायचा ते ठरवतो, कधी कधी वाहतूक थांबायची वाट बघतो. त्यात हात चिखलाने भरलेले, हातमोज्यांनी स्क्रीन चालत नाही. दुसरं बटण तो गाडी पट्ट्यांनी बांधून झाल्यावर, केबिनमध्ये बसल्यावर दाबतो. तो सगळा वेळ विंचचा नसतो.

म्हणून विंचची वेळ बटणांवरून घेऊच नका. त्या ओळीवर संख्या हाताने भरायची ठेवा आणि १५ मिनिटांचा टप्पा ठरवा. दोर ताणण्याआधी एक फोटो आणि गाडी रस्त्यावर आल्यावर एक फोटो, दोन्ही कॉलला जोडायचे. फोटोवर वेळ असते, त्यामुळे गिऱ्हाईकही वाद घालत नाही आणि ड्रायव्हरही अंदाजपंचे आकडा टाकत नाही. आणि पोलिसांच्या पंचनाम्यासाठी थांबलो तर तो थांबण्याचा वेळ, विंचचा नव्हे. त्याचा दर वेगळा आणि कमी असावा असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण त्यात यंत्रही झिजत नाही आणि जोखीमही कमी.

प्रतिसाद ३

रात्रीच्या दराचंही आधीच ठरवून टाका. कोणती वेळ धरायची: कॉल आल्याची, पोचल्याची, की काम संपल्याची? आम्ही कॉल आल्याची धरतो. भाव ज्या क्षणी सांगितला तोच क्षण धरावा, हे मला न्याय्य वाटतं. आमची गाडी उशिरा पोचली म्हणून त्या माणसाला रात्रीचा दर का पडावा?

रात्रीची वाढ टक्क्यांत ठेवली असेल तर ती कोणकोणत्या ओळींवर चढतेय ते बघा. आमच्याकडे ती टोलवर आणि यार्डाच्या भाड्यावरही चढत होती. फक्त मूळ दरावर एक ठरावीक रक्कम लावली तर फोनवर सांगायलाही सोपं पडतं.

अजून एक. कॉल घेताना गाडी इलेक्ट्रिक आहे का, चारही चाकांना जोर जातो का, हे विचारायचा रकाना सक्तीचा करा. अशा गाडीची जोर जाणारी चाकं जमिनीवर फिरत ठेवून ओढली तर आतल्या यंत्रणेचं नुकसान होतं, इलेक्ट्रिक गाडीत तर चाकांबरोबर मोटरही फिरते. फ्लॅटबेड किंवा डॉली (चाकांखाली लावायची छोटी चाकगाडी) लागणारच. हे जागेवर गेल्यावर कळलं की दर बदलतो आणि तुमचा शब्द पुन्हा खोटा पडतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून सगळं नव्याने भरलं. ६४ च्या आता ११ ओळी झाल्या. मुक्कामाच्या चौकटीत खरोखरच शून्य होतं!

मग वहीतली जुनी २० कामं काढून सॉफ्टवेअरमध्ये खोटे कॉल म्हणून टाकली आणि बिलं ताडून पाहिली. १७ तंतोतंत जुळली. एक फरक पूर्णांक करण्याचा निघाला: नकाशावर १८.१ दिसलं की मी १८ म्हणते, सॉफ्टवेअर वर ओढून १९ करतं. आता मी आणि सॉफ्टवेअर दोघंही दशांशासकट मोजतो. दुसरा यार्डाच्या भाड्याचा. आम्ही २४ तासांचा एक दिवस धरतो, सॉफ्टवेअर तारीख बदलली की नवा दिवस धरत होतं. म्हणजे रात्री अकराला आलेली गाडी सकाळी आठला नेली तरी दोन दिवस! तेही बदललं.

तिसरा मात्र सुटलेला नाही. गिऱ्हाईक वाटेत म्हणतं, या गॅरेजला नको, घरी न्या. ड्रायव्हर पत्ता बदलतो, अंतर गुपचूप बदलतं आणि बिल वाढतं. आणि दर बदलल्यामुळे जुनी, न भरलेली बिलंही बदलतील का, अशीही धास्ती वाटतेय.

प्रतिसाद १

जुन्या बिलांसाठी दर बदलताना 'या तारखेपासून लागू' असा रकाना असेल तर तो भरा. नसेल तर आधी सगळे पूर्ण झालेले कॉल कुलूपबंद करा आणि मगच दराला हात लावा. बदल करण्याआधी एक-दोन जुनी बिलं छापून ठेवा, नंतर पुन्हा उघडून पडताळा.

पत्ता बदलण्याचा अधिकार ड्रायव्हरकडून काढून घ्या. त्याने गाडी बाजूला उभी करायची आणि तुम्हाला फोन करायचा. तुम्ही पत्ता बदलायचा, नवा आकडा गिऱ्हाइकाला मेसेजने पाठवायचा आणि त्यांचा होकार आल्यावरच गाडी पुढे. सुरुवातीला ड्रायव्हर कुरकुरतील, पाच मिनिटं जातात.

धागाकर्ती

पाच मिनिटं गेलेली चालतील. आजच अधिकार बदलते आणि रात्रपाळीलाही सांगून ठेवते.