सुधीर मोघ्यांचं एक गाणं आणि तुमचा अनुभव

कवी-गीतकार सुधीर मोघे जन्मले किर्लोस्करवाडीत, १९३९ साली. गेले पुण्यात, मार्च २०१४ मध्ये. मराठीत प्रेमगीतं उदंड आहेत, पण मोघ्यांच्या गाण्यातला माणूस प्रेमात असतानाही स्वतःला प्रश्न विचारायचं सोडत नाही, म्हणून मला ते जवळचे वाटतात. गीतकार वेगळा आणि कवी वेगळा, अशी वाटणी त्यांच्याकडे नव्हतीच. ‘कविता पानोपानी’ हा त्यांचा कवितांचा रंगमंचीय कार्यक्रम ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आवडत्या गाण्यांची यादी नको. एकच गाणं सांगा आणि ते तुमच्या आयुष्यात कधी आलं ते लिहा.

पुण्याहून, सुगम संगीत शिकवणारी

‘सखी मंद झाल्या तारका’. राम फाटकांची चाल. भीमसेनजींनीही गायलं आहे आणि बाबूजींनीही, म्हणजे सुधीर फडक्यांनी. क्लासमधली मुलं ते प्रेयसीला घातलेली साद म्हणून गातात, आणि पहिल्या कडव्यापर्यंत ते खरंही आहे. रात्र सरत आली, ती आली नाही. पण पुढे तो म्हणतो, आयुष्यात जे जे हवं होतं ते सगळं मिळालं, तरी काहीतरी उणं राहिलं. आणि शेवटी तर मृत्यूसुद्धा न बोलावता आला तरी क्षणभर थांबेल, पण तू येशील का? प्रत्येक कडव्याअखेर प्रश्न तोच, पण विचारणाऱ्याचं वय वाढत गेलेलं. हे कडव्यागणिक आवाजात यायला हवं. ते हरकती, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, घेऊन येत नाही. मी विद्यार्थ्यांना आधी शब्द नुसते वाचायला लावते, पेटी बंद ठेवून. कॉलेजातली मुलं शेवटच्या कडव्याशी अडखळतात. पन्नाशीतले विद्यार्थी दुसऱ्याच ओळीला गप्प होतात.

रत्नागिरीहून

शाळेच्या गॅदरिंगला आम्ही ‘गोमू संगतीनं’वर नाचलो होतो, टोपल्या-बिपल्या घेऊन. हेमंतकुमार आणि आशाबाई, चित्रपट ‘हा खेळ सावल्यांचा’, १९७६. ते मोघ्यांचं आहे हे फार उशिरा कळलं. इतकी हलकी, खेळकर मागणी घालणारा कवी आणि वरच्या ताईंनी लिहिलंय तो कवी एकच! मला त्याचा फार आनंद वाटतो. प्रेमाचं हेही टोक त्यांना ठाऊक होतं.

ठाण्याहून

कंपनी बंद पडली तेव्हा माझं वय नवी नोकरी मिळण्याचं नव्हतं. घरी सगळे धीर देत होते. ‘होईल काहीतरी’ हे वाक्य मला दिवसातून अनेकदा ऐकावं लागे, आणि प्रत्येक वेळी मान डोलवावी लागे. त्या दिवसांत श्रीधर फडक्यांच्या आवाजात ‘मन मनास उमगत नाही’ ऐकलं. आधार कसा शोधावा, असं ते गाणंच विचारत होतं. मला काही सांगत नव्हतं, समजावत नव्हतं. माझ्यासारखाच गोंधळलेला कुणीतरी शेजारी येऊन बसावा, तसं वाटलं. त्या रात्री बायकोला पहिल्यांदा खरं सांगितलं की मला भीती वाटते आहे. ती म्हणाली, “मलाही वाटतेय.” त्यानंतर आम्ही दोघं खर्चाची वही घेऊन बसलो.

नागपूरहून

एक राहून जातंय. चाल काढणाऱ्यांचंही नाव घ्या. राम फाटक, श्रीधर फडके, हृदयनाथ मंगेशकर, या सगळ्यांनी शब्दांना जागा ठेवली. वाद्यांच्या गर्दीत हे शब्द ऐकूच आले नसते.

कोल्हापूरहून

‘एकाच या जन्मी जणू’. आशाबाईंचा आवाज, बाबूजींचं संगीत. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेलं, म्हणून मला ते निव्वळ आनंदाचं वाटायचं. नवी नवरी, नवा जन्म. मग ते ज्यात आहे तो चित्रपट, ‘पुढचं पाऊल’, पाहिला, १९८६ चा, हुंड्यासाठी होणाऱ्या छळावरचा. त्यानंतर ते गाणं लागलं की मी उठून जायची. प्रत्येक आनंदी शब्दामागे त्या नवरीचं पुढे काय होणार हे दिसायचं.

यंदा भाचीच्या केळवणाला सगळ्यांनी आग्रह केला, “मावशी, तेच म्हण.” म्हटलं, पूर्ण म्हटलं. तिचा चेहरा बघत म्हटलं, आणि इतक्या वर्षांनी त्यातला आनंद मला परत मिळाला. जेवणं झाल्यावर मात्र ताईला आणि भाऊजींना बाजूला घेतलं आणि देण्याघेण्याचं काय ठरलंय ते सरळ विचारलं. काहीच ठरलं नव्हतं. नवऱ्या मुलानेच आधी बजावून ठेवलं होतं, एक रुपयाही नको.

पुन्हा, प्रश्न विचारणाऱ्याकडून

मोघ्यांच्या ‘दयाघना’वर अजून कुणी लिहिलेलं नाही. मोडलेल्या घरट्याचं ते गाणं ज्यांच्या वाट्याला आलं असेल, त्यांनी सवडीने, जमेल तेवढंच लिहावं.