मदत हवी आहे: २५० वॉटचा सोडियम दिवा लागतो आणि विझतो

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमच्या शेडबाहेर २५० वॉटचे हाय प्रेशर सोडियम दिवे आहेत. गेटजवळचा एक संध्याकाळी नीट लागतो, हळूहळू पूर्ण पिवळा होतो आणि अर्ध्याएक तासाने एकदम विझतो. थोडा थंड झाला की परत लागतो. रात्रभर हाच खेळ.

दिवा जुना झाला की आर्कचं (आतल्या विजेच्या ज्योतीचं) व्होल्टेज चढतं आणि चोकला (करंट आवरणाऱ्या कॉइलला) ते पेलत नाही, हे ठाऊक आहे. पण हाच दिवा शेजारच्या फिटिंगमध्ये सकाळपर्यंत जळतो, आणि नवा कोरा दिवा इथे लावला तरी विझतो. इग्नायटर (झटका देऊन दिवा पेटवणारा भाग) बदलला, होल्डर साफ करून घट्ट केला. सप्लाय रात्री २४० च्या आसपास, चोकही २४० च्याच टॅपवर (त्या व्होल्टेजसाठीच्या टोकावर). शेजारचे दिवे लुकलुकतसुद्धा नाहीत.

क्लॅम्प मीटरवर दिव्याचा करंट गरम झाल्यावरही ३.५ अँपिअर दिसतो. ३ च्या आसपास हवा. चोक फिटिंगला रिव्हेट केलेला, त्यामुळे अदलाबदल करून बघणं अवघड. (एलईडी लावा, हे सगळ्यांनी सांगून झालंय. मालक तयार नाहीत.)

दिव्याच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजायचंय, पण विझला की इग्नायटर तीन-चार हजार व्होल्टचे झटके मारणार आणि मल्टीमीटर जाणार. इग्नायटर तीन वायरींचा, सिरीजमधला, म्हणजे दिवा चालू असताना काढताही येत नाही.

नुसत्या करंटवरून चोकचे वेढे शॉर्ट झालेत असं धरावं का, की मीटर न जाळता व्होल्टेज मोजायची काही रीत आहे?