कांदा चाळीतली सड ओळखणारं यंत्र तयार आहे. आधी कोणाकडे जायचं: कंपनी, गुंतवणूकदार की कृषी खातं?

चाळ_आणि_चिप विचारतात:
कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन प्राध्यापक आणि तीन विद्यार्थी यांनी मिळून यंत्र बनवलं आहे. कांदा साठवायच्या चाळीतल्या हवेतला अमोनिया, तापमान आणि आर्द्रता मोजून सड सुरू झाल्याचा इशारा ते मोबाइलवर देतं. वायू ओळखणारा सेन्सर एमक्यू-१३५, बॅटरी २६०० मिलिअँपिअर-तासांची. चाचणी २०० किलो कांद्यावर झाली आहे. एक कंपनी उत्पादनाला तयार आहे, पण पेटंट कॉलेज आणि कंपनी अशा दोघांच्या नावे मागते. गुंतवणूकदार विचारतात, विक्री किती? कृषी खात्यात कळलं की हे उपकरण अनुदानाच्या यादीत नाही. पुढच्या महिन्यात परिषदेत यावर निबंध वाचायचा आहे. क्रम काय ठेवावा?

दावा_क्रमांक_एक:
निबंधाआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल करा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा शैक्षणिक संस्था अर्जदार असेल तर ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्यावर विसंबू नका. तुमची परिषद त्या व्याख्येत बसते की नाही हा वाद उद्या तुम्हालाच लढावा लागेल. युरोपात तर ही सवलत चालतच नाही.

अर्जातले दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते, लिहिताना कलम ३ नीट वाचा. 'कांदा साठवण्याची पद्धत' असं लिहिलंत तर शेतीची पद्धत म्हणून ३(एच)चा आक्षेप येऊ शकतो. नुसतं गणित किंवा अल्गोरिदम मांडलंत तर ३(के) आडवं येतं. नळी, सेन्सर आणि आर्द्रतेमुळे रीडिंगमध्ये येणारी चूक दुरुस्त करणारं सर्किट असं सगळं मिळून उपकरण म्हणून मांडा.

विद्यार्थी कॉलेजचे नोकर नसतात. म्हणून शोधावरचे हक्क कॉलेजला दिल्याचं तिघांचं लेखी हस्तांतरण आजच घ्या. ते पदवी घेऊन बंगळुरूला गेले की एका सहीसाठी महिना जातो, आणि गुंतवणूकदाराचा वकील सगळ्यात आधी तोच कागद मागतो.

कंपनीला सहमालकी देऊ नका. कलम ५० प्रमाणे एका सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवानाही देता येत नाही आणि हिस्साही विकता येत नाही. म्हणजे कंपनीने उत्पादन थांबवलं तर तुमचेही हात बांधलेले. मालकी कॉलेजकडे ठेवा आणि कंपनीला कांदा साठवणुकीपुरता, ठरावीक मुदतीचा परवाना द्या. वर्षाला ठरलेली किमान विक्री झाली नाही तर तो आपोआप संपेल, अशी अट घाला.

निफाड_वजनकाटा:
कंपनी, गुंतवणूकदार आणि खातं यांचे प्रश्न वेगळे असले तरी तिघांना कागद एकच लागतो: खऱ्या चाळीतली, पूर्ण हंगामाची वजनाची नोंदवही. रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि पावसाळा संपेपर्यंत ठेवतात. भरणीची वेळ हुकली की वर्ष गेलं. म्हणून बाकी बैठका होत राहू देत, चाळी आत्ताच ठरवा.

किमान तीन शेतकरी घ्या. प्रत्येकाकडे शेजारी-शेजारी दोन चाळी हव्यात, एकीत यंत्र आणि दुसरीत नेहमीची देखरेख. दोन्हीत वाण एक (भीमा शक्ती किंवा एन-२-४-१), काढणी एका दिवसाची, ढीग पाच फुटांपर्यंतच. एकाच चाळीत आडोसा घालून दोन भाग करू नका, वास पलीकडे जातो. प्रत्येक चाळीत पाच-पाच किलोंच्या दहा जाळीच्या पिशव्या बाजूच्या पट्ट्यांतून काढता येतील अशा पुरा आणि दर १५ दिवसांनी वजन करा. सडलेला, कोंब आलेला आणि नुसता वाळून घटलेला असे तीन रकाने वेगळे हवेत. वाळून होणाऱ्या घटीत तुमच्या यंत्राचा काही हात नाही. ती बचतीत धरलीत तर जाणकार पहिल्याच पानावर वही बंद करेल.

आता यंत्राबद्दल. एमक्यू-१३५चा हीटर ५ व्होल्टवर साधारण १५० मिलिअँपिअर ओढतो, त्यामुळे तुमची बॅटरी सलग चोवीस तासही टिकणार नाही. मधूनमधून चालू-बंद करावं तर सेन्सर तापून स्थिर व्हायला वेळ लागतो आणि रीडिंग भटकतं. हा सेन्सर धूर आणि अल्कोहोललाही प्रतिसाद देतो, आणि जुलैत आर्द्रता चढली की सड नसतानाही आकडा वर जातो. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर वीज नगण्य खातो, पण महाग पडतो आणि दोनेक वर्षांत बदलावा लागतो. दुसरं म्हणजे चाळ बाजूंनी उघडी असते, छताला टांगलेल्या सेन्सरपर्यंत वारा काही पोहोचू देत नाही. भोकं पाडलेली पीव्हीसी नळी ढिगात उभी करून सेन्सर तिच्यात सोडा.

किंमत अशी पडताळा: २५ टनांच्या चाळीत ५ टक्के सड वाचली तर सव्वा टन कांदा. किलोला १५ रुपये धरले तर १८,७५० रुपये, आणि त्यातून ढीग उघडून निवडायची मजुरी वजा. २५ हजारांचं यंत्र एकटा शेतकरी घेणार नाही. सहा-सात हजारांत बसवा, किंवा ग्राहक म्हणून शेतकरी उत्पादक कंपनी धरा.

कोपरगाव_०९:
वर एक भर. प्रत्येक इशाऱ्याची नोंद ठेवा: कधी आला, ढीग कधी उघडला, आत काय सापडलं. आणि इशारा न येता सापडलेली सडही लिहा. दोन खोटे इशारे आले की शेतकरी तो मेसेज उघडायचा थांबतो.

बीजभांडवल:
गुंतवणूकदाराकडे आत्ता जाऊच नका. पहिला हंगाम अनुदानावर काढा. केंद्राच्या निधी-प्रयास योजनेतून नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या कृषी-उद्योजकता कार्यक्रमात कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि बीज टप्प्यावर २५ लाखांपर्यंत. दोन्हीचा रस्ता इन्क्युबेटरमधून, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रातून, जातो. केंद्राच्या १ लाख कोटींच्या आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) निधीचं नाव सगळीकडे ऐकू येतं, पण ते अनुदान नाही. कर्ज किंवा भांडवल आहे, तेही प्रकल्पाच्या ५० टक्क्यांपर्यंत. तुमच्या टप्प्याला ते नको.

कंपनी काढाल तेव्हा कॉलेजचा हिस्सा लेखी ठरवा. उच्च शिक्षण संस्थांसाठीच्या २०१९च्या राष्ट्रीय नवोन्मेष व स्टार्टअप धोरणात तो २ ते ९.५ टक्के सुचवला आहे.

शासन_निर्णय_वाचक:
'यादीत नाही' हे खात्याचं उत्तर नियमाला धरून आहे. यादीत यायचा रस्ता शिफारशीतून जातो. राज्यातली चारही कृषी विद्यापीठं दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत वाण, अवजारं आणि शिफारशी मांडतात. तिथे कॉलेजला थेट जाता येत नाही, विद्यापीठाचा शास्त्रज्ञ सोबत हवा. म्हणून राहुरी विद्यापीठाचं पिंपळगाव बसवंतचं केंद्र किंवा राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय यांना चाचणीच्या आराखड्यातच सामील करा. आकडे हाती आल्यावर नेऊन दाखवलेत तर ते पुन्हा पहिल्यापासून चाचणी मागतील, आणि ते बरोबरच आहे.

खरेदीदार मात्र कृषी खातंच असेल असं नाही. केंद्राच्या राखीव साठ्यासाठी कांदा नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था खरेदी करतात. तिथे साठवणुकीतल्या घटीचा हिशोब द्यावा लागतो, म्हणून घट कमी करण्याला किंमत आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये कांद्याच्या काढणीपश्चात नासाडीवर खुली स्पर्धाही घेतली होती. राज्यात महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहातून निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी कामाचे कार्यादेश दिले जातात. तो कार्यादेश फक्त प्रायोगिक वापराचा असतो, पुढच्या खरेदीला निविदा लागतेच. त्यामुळे प्रयोग चालू असतानाच खात्याला कामगिरीवर आधारलेली विनिर्देशं लिहून द्या: आर्द्रता ९० टक्के असताना किती टक्के इशारे खरे, बॅटरी किती दिवस. ब्रँडचं नाव घातलंत तर निविदा अडकेल.

चाळ_आणि_चिप:
मनापासून आभार. प्रोव्हिजनल अर्ज याच आठवड्यात टाकतो. एकच राहिलं: चाचणीच्या नोंदी आपल्या मालकीच्या असाव्यात, असं कंपनी म्हणते.

दावा_क्रमांक_एक:
कच्च्या नोंदी कॉलेजकडे, वापरायचा हक्क कंपनीलाही. प्रकाशनाआधी मसुदा कंपनीला ६० दिवस दाखवायचा, नकाराधिकार द्यायचा नाही. आणि शेतकऱ्याची लेखी संमती वेगळी घ्या, मराठीत. चाळ त्याची आहे, त्याच्या साठ्याचा आकडा व्यापाऱ्यापर्यंत जाता कामा नये.