अनुभव धागा: घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर काय लिहिलंय?

शरणपूरकर:

सलाम मंडळी, जय ख्रिस्त.

मागच्या रविवारी चर्चवरून आल्यावर आईचं लोखंडी कपाट आवरायला घेतलं. वरच्या खणात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं आजीचं पवित्र शास्त्र निघालं. पाठीचं कातडं सुटलंय, कडा कसरीने खाल्ल्यात, उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि पहिलं कोरं पान, ते कोरं नाहीच. आजोबांचं अक्षर आहे, टाकाने लिहिलेलं, शाई आता तपकिरी पडलीय. वर लग्नाची तारीख, खाली एकेका लेकराचा जन्म आणि पुढे बाप्तिस्म्याची तारीख. आमच्या पप्पांच्या नावापुढे तर वेळ पण आहे, पहाटे ४ वाजून १० मिनिटं. मग बॉलपेन सुरू होतं, म्हणजे आम्ही नातवंडं. माझं नाव आजीने लिहिलंय, वेलांटी चुकलीय. आजी चौथी शिकलेली. त्या चुकलेल्या वेलांटीवर मी किती वेळ बोट ठेवून बसले होते काय सांगू.

पण आत्या आणि पप्पा यांच्या मधे एक ओळ आहे. नुसतं "कन्या", एकच तारीख, आणि पुढे "प्रभूजवळ". आईला विचारलं तर आईलाही माहीत नाही. लग्न होऊन या घरात चव्वेचाळीस वर्षं झाली तिला, कोणी एका शब्दाने बोललं नाही म्हणाली.

आमचं घर नाशिकच्या शरणपूरचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि ट्रॅफिक एवढंच डोळ्यासमोर येतं, पण १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने हे ख्रिस्ती गाव वसवलं, शरण आलेल्यांचं म्हणून शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं पण इथे आणून वाढवली, शिकवली, सुतारकाम लोहारकाम दिलं हातात. त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये तिथेच वारले तेव्हा हा त्यांच्याबरोबर होता, तिथल्या झाडाच्या खोडावर त्यांचं नाव आणि तारीख यानेच कोरली आणि मग ते सगळे त्यांचा देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत घेऊन आले. आजोबा ही गोष्ट दर नाताळला सांगायचे आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, लिहायला इथे शिकला होता तो, आपल्या शरणपुरात. तेव्हा आम्हाला नुसती गोष्ट वाटायची. आता ते पान बघितल्यावर वाटतंय की आजोबांना नाव आणि तारीख लिहिण्याचं एवढं का होतं ते थोडं कळलं.

तर तुमच्या घरी काय लिहिलंय? नसेल लिहिलं तर घरातल्या मोठ्यांकडून काय आलंय तुमच्यापर्यंत? चर्च कोणतंही असो, कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), फेलोशिप म्हणजे स्वतंत्र मंडळी, किंवा घरात फक्त एकच जण ख्रिस्ती असेल तरी लिहा. लांब लिहिलं तरी चालेल.

प्रेसकॉलनी:

आमच्या बायबलच्या पहिल्या पानावर काही नाही पण स्तोत्रांच्या पानांचे खालचे कोपरे बघितले तर बोटांनी काळे झालेत. पप्पा नाशिक रोडला प्रेसमध्ये होते. शिफ्ट बदलली की आमच्या घरची प्रार्थनेची वेळ बदलायची, पण प्रार्थना चुकली नाही कधी. सेकंड शिफ्ट असली की आम्ही तिघं भावंडं डोळे चोळत रात्री जागायचो, पप्पा डबा धुवायला टाकून हातपाय धुवून बसायचे तेव्हा सुरू. शेजारच्यांना वाटायचं यांच्याकडे एवढ्या रात्री कोण आलंय.

पप्पांची एक पद्धत आहे. आधी पुस्तकाचं नाव सांगणार, मग अध्याय, मग थांबणार. सगळ्यांच्या पानांची सळसळ थांबेपर्यंत पहिला शब्द नाही. धाकट्या बहिणीला सापडायला वेळ लागायचा पण तिला कोणी शोधून द्यायचं नाही, तिचं तिने शोधायचं, बाकीचे थांबायचे. माझी चुळबुळ व्हायची, भूक लागलेली असायची, पण पप्पा शांत.

आता मी पुण्यात, बहीण मस्कतला, पप्पा आई इथेच. रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल होतो. पप्पा तसंच सांगतात, तसंच थांबतात. पण माझा मुलगा मोबाईलवर ॲपमध्ये बघायचा, आम्ही पण तसंच करायला लागलो होतो. तर एकदा पप्पा थांबले ते थांबलेच. म्हणाले, "आवाज नाही आला रे, मिळालं का सगळ्यांना?" मला इतकं लागलं ते. दुसऱ्याच दिवशी मुलाला छापील बायबल आणलं. तो नऊ वर्षांचा आहे, आता पप्पा मुद्दाम ओबद्या नाहीतर हबक्कूक काढायला लावतात, ओबद्या म्हणजे एकच अध्याय, २१ वचनं, पटकन हातातून निसटतं. पोरगं पानं उलटतं, आजोबा तिकडे मोबाईल कानाशी लावून ऐकत बसतात, व्हिडिओत नुसता त्यांचा कान दिसतो. मी त्याला शोधून देत नाही.

करंजी:

मी माहेरची हिंदू, सिडकोची. सासर सीएनआय. लग्नाला अकरा वर्षं झाली. लिहू की नको असं चाललं होतं पण तुम्ही लिहिलंय की एकच जण असेल तरी लिहा, माझ्या बाबतीत उलटं आहे, घरात मी एकटीच बाप्तिस्मा न घेतलेली.

पहिल्या नाताळला मला वाटलेलं केक वगैरे असेल, मला त्यातलं काही येत नव्हतं म्हणून धाकधूक होती. आणि स्वयंपाकघरात जाते तर काय, परात भरून करंज्यांचं सारण, शंकरपाळे, चकलीचा सोऱ्या! माझ्या आईकडे दिवाळीला जे व्हायचं तेच सगळं. सासूबाई म्हणाल्या, "बस, कातणं घे हातात." मी करंजीला मुरड घातली. त्यांना मुरड येत नाही, त्या कातण्यानेच कापतात. माझी मुरड बघून त्यांनी चुलतसासूबाईंना हाक मारून बोलवून दाखवली. तेव्हापासून आमच्याकडच्या नाताळच्या करंज्या मुरडीच्या असतात, रात्री कॅरलवाले दारात आले की त्यांना त्याच देतो आणि त्यातल्या एक मावशी दर वर्षी विचारतात, मुरडीच्या आहेत ना?

बाप्तिस्म्याचं मात्र सोपं नव्हतं. नातेवाईक विचारायचे, काही जण टोचून विचारायचे, एका लग्नात तर पंगतीत सगळ्यांसमोर. मी घरी येऊन रडले. सासूबाई रात्री माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मला लक्ष्मीबाई टिळकांचं सांगितलं. त्या आपल्या इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक, त्यांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं, त्या लगेच नाही गेल्या त्यांच्या मागे, पाचेक वर्षांनी घेतला, आणि तो स्वतःला पटल्यावर घेतला. सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी वेळ घेतला, तू तुझा घे. नाही वाटलं तर नको घेऊस. मला सून पाहिजे, रजिस्टरमध्ये नाव नकोय."

मुलीचा बाप्तिस्मा केला आम्ही, माझ्या संमतीने. माझे आईबाबा आले होते. आईने रव्याचे लाडू आणलेले, ते उपासनेनंतर सगळ्यांना वाटले. मी अजून नाही घेतलेला. रविवारी जाते, गाणी सगळी पाठ आहेत, प्रभुभोजनाच्या वेळी बाकावर बसून राहते आणि सासूबाई परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे जातात. अकरा वर्षं, दर वेळी.

जेलरोडची:

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे कुटुंब एकत्र येतं ते बाल येशूच्या यात्रेला, फेब्रुवारीत. नगर, जालना, औरंगाबादकडचे सगळे पाहुणे आमच्याच घरी, गच्चीवर सतरंज्या, पहाटे पाणी तापवायला बंब पेटवायचा, थंडी असतेच अजून तेव्हा. आई दोन दिवस नुसत्या भाकऱ्या थापते. यात्रेत सगळ्या धर्मांचे लोक येतात, आमच्या गल्लीतली मारवाडी काकू दर वर्षी आईबरोबर मेणबत्ती लावायला येते. सप्टेंबरात आम्ही तिकडे जातो, हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला, तेव्हा आमच्या सतरंज्या त्यांच्या गच्चीवर. मामा वारले त्या वर्षी वाटलं आता मामी येणार नाही. आली. मामाची चादर घेऊन आली पांघरायला.

धाकटा:

माझं जरा वेगळं आहे, पण लिहितो, मनात फार दिवस आहे.

आम्ही दोघं भाऊ. दादाने बारा वर्षांपूर्वी आमचं चर्च सोडलं आणि एका फेलोशिपमध्ये जायला लागला. तिथे त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला, बुडवून. आईवडिलांनी लहानपणी दिलेला बाप्तिस्मा खरा नाही असं तो अण्णांच्या तोंडावर म्हणाला. अण्णांनी आयुष्यभर चर्चची घंटा वाजवलेली, पगार न घेता. ते काही बोलले नाहीत, उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी बोललो, खूप बोललो, जे बोलायला नको होतं ते पण. त्यानंतर चार वर्षं आम्ही एकमेकांच्या घरी पाऊल टाकलं नाही, नाशिकमध्ये राहून, पंधरा मिनिटांच्या अंतरावर.

अण्णा गेले तेव्हा दफन कोणत्या पाळकाने करायचं इथपर्यंत आलं. आई पलंगावर बसलेली, तिने आम्हाला दोघांना समोर उभं केलं आणि म्हणाली, "त्यांनी तुम्हाला दोघांना एकाच पाण्याने अंघोळ घातलीय. आधी पेटी उचला." बस एवढंच. आम्ही उचलली, पुढे दोघं. चर्चपासून दफनभूमीपर्यंत दादा माझ्या उजवीकडे होता. मधे कुणीतरी रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू केलं, ते आमच्या चर्चमध्ये पण गातात आणि त्याच्या फेलोशिपमध्ये पण, फक्त तिकडे कीबोर्ड आणि ड्रम असतात. दादा वरच्या पट्टीत गायला. लहानपणी अण्णा पेटी वाजवायचे तेव्हा तो वरची पट्टी आणि मी खालची असं असायचं.

मतभेद मिटलेत असं नाही, आजही बाप्तिस्म्याचा विषय निघाला की दोघं गप्प होतो. पण गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते ना, तीन तासांची, तेवढ्यासाठी तो आईला घेऊन आमच्या चर्चमध्ये येतो आणि पूर्ण तीन तास बसतो. मी त्याच्या फेलोशिपमध्ये वर्षातून एकदा जातो. त्याच्या मुलीने मागच्या वेळी साक्ष दिली त्यात आजोबांच्या घंटेचं सांगितलं. तिने अण्णांना घंटा वाजवताना बघितलेलं पण नाही, दादानेच सांगितलं असणार.

गच्चीवरची:

@धाकटा, वाचून डोळ्यात पाणी आलं दादा.

मी चोवीस वर्षांची आहे, खरं सांगायचं तर दर रविवारी चर्चला जात नाही. जॉबमुळे आणि इतर पण कारणं आहेत, प्रश्न आहेत मनात. पण २०२०चा ईस्टर विसरत नाही, १२ एप्रिल, लॉकडाऊन कडक होता, चर्च बंद. आमच्याकडे ईस्टरला पहाटे कबरस्तानात उपासना होते, आधी जाऊन कबरी साफ करायच्या, चुना मारायचा, झेंडूची फुलं. आजोबांची कबर त्या वर्षी तशीच राहणार म्हणून आजीची घालमेल चाललेली. तर आजीने साडेपाचला सगळ्यांना उठवलं आणि गच्चीवर नेलं. तुळशीबागेतून आणलेलं प्लॅस्टिकचं स्टूल, त्यावर आजोबांचा फोटो नाही ठेवला तिने, नुसता त्यांचा चष्मा ठेवला. म्हणाली फोटोची पूजा केल्यासारखं नको. सूर्य वर येईपर्यंत गाणी म्हटली. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक काका व्यायाम करत होते, ते हात थांबवून उभे राहिले आमचं होईपर्यंत.

आजी आता नाही. मी चर्चला जाते न जाते, पण ईस्टरला साडेपाचला जाग येतेच, आणि मी कबरी साफ करायला जाते, आता दोन. माझे प्रश्न घेऊनच जाते. आजीला ते माहीत होते, ती म्हणायची विचारत राहा, त्याला राग येत नाही.

प्रेसकॉलनी:

@शरणपूरकर, त्या "कन्या"चं काही कळलं का? चर्चच्या जुन्या दफनाच्या रजिस्टरमध्ये नोंद मिळू शकते, पाळकसाहेबांना तारीख देऊन विचारा.

शरणपूरकर:

सगळ्यांचे आभार, आईला एकेक वाचून दाखवलं. करंजीताईंचं दोनदा वाचायला लावलं.

हो, कळलं. रजिस्टरपर्यंत जायची वेळच आली नाही. काल नगरला आत्याला फोन केला. आत्याचं वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी येतं, मला ओरडून विचारावं लागलं आणि असली गोष्ट ओरडून विचारताना फार कसंतरी झालं. आत्या आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "होती. मी पाच वर्षांची होते. एक दिवस होती." बाप्तिस्मा व्हायच्या आत गेली म्हणून आजोबांनी नाव लिहिलं नाही, नाव तेव्हा देतात ना. पण आजीने मनात नाव ठेवलेलं होतं आणि ते फक्त आत्याला सांगितलं होतं, विहिरीवर धुणं धुताना, आत्याचं लग्न ठरलं त्या दिवशी. आत्याने मला ते सांगितलं आणि म्हणाली, लिही आता, मी आहे तोवर.

नाव इथे लिहीत नाही, घरातलं आहे.

आईने लिहावं असं मला वाटत होतं, आई म्हणाली तुझं अक्षर बरं आहे. शेवटी आईने पेन धरलं आणि मी तिचा हात, कारण तिचा हात कापतो. "कन्या"च्या पुढे थोडीशीच जागा होती, जेमतेम तीन अक्षरं मावली. शाई ओली होती म्हणून पुस्तक मिटलं नाही, रात्रभर जेवणाच्या टेबलावर पंखा बंद करून उघडं ठेवलं.